रोज एकाच वेळी दिसणारा तारा

परवा ह्यांची तिथी झाली. दरवर्षीसारखी माझी नणंद शकुन ब्रह्मपुरीहून सकाळच्या बसने चंद्रपूरला आली... पण या वेळी मला कायमचं घेऊन जायचं ठरवूनच आली होती.

मी तारे पाहते हे इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण पाहते ते भर दुपारी, सायबर कॅफेत, पंख्याखाली! परदेशातले कॅमेरे रोज रात्री सगळं आकाश टिपतात आणि प्रत्येक ताऱ्याच्या उजेडाचे आकडे इंटरनेटवर ठेवतात. कोणीही घ्यावेत.

मला नाद आहे तो जरा विचित्र ताऱ्यांचा. त्यांच्या अंगावर क्रोमियम, सिलिकॉन असं काहीबाही एकेका जागी साचलेलं असतं. तारा फिरला की तो डाग समोर येतो, मागे जातो, आणि उजेड किंचित कमी-जास्त होतो. त्यावरून ताऱ्याची एक फेरी किती वेळाची ते काढायचं. हे गेल्यानंतर वाचनालयातली पुस्तकं आणि डिक्शनरी घेऊन शिकले सगळं.

एका कॅमेऱ्याच्या आकड्यांवरून सध्याचा तारा मला फार आळशी वाटला होता. एका फेरीला कित्येक महिने! अशा ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या एका सरांना तसं कळवायच्या बेतात होते.

तर तिथीचं जेवण. ह्यांना वडे फार आवडायचे, ते वाढताना माझे डोळे भरून आले. शकुनने नेमकं पाहिलं.

"वैनी, बस झालं आता. दरसाल येतो तं तू रडूनच राह्यली. चाल माझ्या संग."

"अन् माझे तारे?"

"काऊन, ब्रह्मपुरीले तारे नाई दिसत का?"

मला हसूच आलं. म्हटलं, "शकुन, तू वर्षातून एकदाच येतं, अन् तेही ह्याच दिवशी. म्हणून तुले वाटते मी रोजच रडून राह्यली. एखाद्या मंगळवारी येऊन पाह्य न!"

बोलले आणि घास हातातच राहिला... अगं, तो कॅमेराही ताऱ्याकडे रोज साधारण एकाच वेळी बघतो! तारा जवळजवळ एका दिवसात फिरत असेल, तर त्या वेळी रोज तीच बाजू समोर येणार, फक्त थोडीशी सरकलेली. आपल्याला वाटणार, काय हळू चाललाय.

दुसऱ्या दिवशी शकुनलाही कॅफेत नेलं. जिथे रात्र वेगळ्या वेळी होते अशा देशातल्या कॅमेऱ्याचे आकडे जोडले. मध्येच लाईन गेली... वीज बनवणाऱ्या गावात हे चालायचंच. शकुन पदराने वारा घेत बसून राहिली. लाईन आली, एका दिवसाची फेरी धरून आकडे मांडले, आणि आलेखावरचे सगळे ठिपके एका लाटेसारख्या रेषेवर नीट बसले. तारा आळशी नव्हताच. दिवसाकाठी एक फेरी मारत होता बिचारा.

"म्हंजे हा रोज फिरते, अन् तुले वाटे बसून हाय?" शकुन म्हणाली. मग स्क्रीन सोडून माझ्याकडेच बघू लागली.

संध्याकाळच्या बसने ती एकटीच गेली. खिडकीतून म्हणाली, "येतो मंग. एखाद्या मंगळवारी."

ह्यांची आठवण रोज येते, ते काही खोटं नाही. पण पेपर, वाचनालय, कॅफे, हेही रोजच असतं. सरांना मेल गेला आहे, आणि त्यातला खरा शोध शकुनमुळे लागला.

ये गं शकुन. दुपारी आलीस तर मी घरी नसेन... किल्ली शेजारी ठेवली आहे.