सुट्टी संपेपर्यंत दम धरा

आज पोलीस ठाण्यात जे ऐकलं, ते गिळून गप्प बसणं जमलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मलकापुरात माझ्या शेजारी राहणाऱ्या संगीताचा हात काल तिच्या नवऱ्याने मोडला. तो सैन्यात आहे, सुट्टीवर आलाय. सकाळी तिच्या हाताला प्लास्टर घालून घेतलं आणि मी तिला तक्रार द्यायला नेलं.

हवालदार म्हणाले, "आवं मॅडम, फौजी माणूस हाय. आठ दिसांनी जाईल परत. तवर दम धरा की."

"तोवर हिचा दुसरा हात मोडला तर?"

त्यांनी सरळ नवऱ्यालाच फोन लावला. "बायको हितं हाय, घिऊन जा."

संगीताने माझा पदर घट्ट धरला. मी म्हटलं, "ती माझ्या घरी येईल."

"मग ताब्यात घेतल्याचं लिहून द्या."

तक्रार घेतलीच नाही, पोच मात्र हवी! एकतीस वर्षांची बाई स्वतःच्या सहीवर ठाण्याबाहेर का पडू शकत नाही, सांगाल कुणी?

तो यायच्या आत तिला न्यायचं होतं, म्हणून मी सही केली. कागदावर हवालदारांनी लिहिलंय: "विवाहिता एक, डाव्या हातास प्लास्टर. कपड्यांची पिशवी एक. वरीलप्रमाणे मिळाले."