दाजींचे पाय टेकेनात

माझी उंची सहा फूट चार इंच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही विचारायचे बंद. चांदवडपासून नाशिकपर्यंत असा माणूस नाही ज्यानं मला "वर हवा कशी हाय?" विचारलं नाही. आणि प्रत्येकाला वाटतं, हा जोक जगात पहिल्यांदा त्यालाच सुचलाय. मग मी त्याचंच वाक्य त्याच्याच आवाजात, त्याच्याच चेहऱ्यानं त्याला परत देतो. माणूस वाट धरतो. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून हेडमास्तरांनीच मारलं, तेव्हा ओरडलो तेही त्यांच्याच आवाजात. अजून दोन बसल्या.

गाड्या बनवणारे लोक तर माझ्यावर डूखच धरून आहेत. टूरिंगची म्हणून मी एक सेकंडहँड मोटरसायकल घेतली. फोटोत तिच्यावर बसलेला माणूस असा निवांत दिसायचा, जसा काही सोफ्यावर आहे. मी तिच्यावरून पहिल्यांदा गोव्याला निघालो. साताऱ्याच्या आतच गुडघे टाकीवर आपटायला लागले, पाठीचा कणा वेगळा गाव करून राहायला लागला, आणि कराडजवळ ढाब्यावर उतरलो तेव्हा पाय सरळच होईनात. मी तसाच वाकून टेबलापर्यंत गेलो. ढाबेवाला म्हणाला, "बाबा, लाइट लागलीय का अंगाला?"

गोवा राहिला. मी परत आलो आणि नाशिकला द्वारका चौकात सर्व्हिस रोडवर एक गॅरेज आहे तिथं गेलो. मिस्त्रीनं मला खालून वर बघितलं, मान दुखली असावी, म्हणून परत खाली बघितलं.

"काय करायचंय?"

"सीट वर घ्यायचीय."

"गाडी वर घेण्यापेक्षा भाऊ तुम्हीच थोडे कापून घ्या ना. स्वस्तात पडंल."

त्याच्या गालात तंबाखू होती. मी पण गाल फुगवला आणि त्याच्याच खर्जात म्हणालो, "कापाकापीचं तुम्ही बघा मिस्त्री, मी नुसता बसून बघतो." शेजारचा पंक्चरवाला हसला. मिस्त्री नाही हसला. त्या दिवसापासून आमचं वैर आहे, आणि गाडीचं सगळं काम त्या वैरातच झालं.

पहिल्यांदा सीटवर फोम चढवला. बसलो तर उंची बरोबर, पण हँडल आता खाली राहिलं, म्हणजे मी भाजीवाल्याच्या टोपलीत वाकून बघतोय असा बसलेला. मग हँडलखाली रायझर लावले. हँडल वर आलं तर क्लचची, रेसची वायर पुरेना. डावीकडे वळलो की गाडी आपोआप रेस घ्यायची. एकदा मी एका शाळेच्या रिक्षामागं असा गुरगुरत उभा होतो की आतली सगळी पोरं रडायला लागली. वायरी बदलल्या. मग फूटरेस्ट खाली घेतले, तर ब्रेकचा पेडल पार वर राहिला, पाय उचलून मारावा लागायचा. तोही खाली केला. शेवटी राहिली पुढची काच. ती सगळा वारा गोळा करून नेमका माझ्या हेल्मेटवर फेकायची, साठच्या पुढं गेलो की डोकं खुळखुळ्यासारखं हलायचं. उंच काच शोधून बसवली. हे सगळं करता करता अख्खा हिवाळा गेला. प्रत्येक वेळी मिस्त्री म्हणायचा, "आता अजून काय वाढलं तुमचं?"

पण एका रविवारी चांदवडहून निघालो, राहुड घाट उतरलो, धुळ्याला चहा प्यायलो आणि परत आलो. अंगणात उतरलो आणि माणसासारखा चालत घरात गेलो. हे ज्याची उंची पाच सात आहे त्याला कळणार नाही. जन्मात पहिल्यांदा एक वस्तू माझ्या मापाची होती. पलंग नाही, बसची सीट नाही, दाराची चौकट तर नाहीच नाही. ही एक.

आणि मग अधिक महिना आला आणि दाजी आले.

अधिकात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करून घालायचे, ओवाळायचं, ताटातून अनारसे द्यायचे आणि त्याला विष्णू समजायचं. आमच्या दाजींची ही समजूत बारा महिने असते. नाशिकला गंगापूर रोडला फ्लॅट, प्रत्येक वाक्याच्या आधी "ॲक्च्युअली", आणि उंची पाच तीन, त्यातही केस वर फुगवून मोजलेली. माझी ताई पाच अकरा. लग्नात दाजींच्या पायाखाली एकावर एक दोन पाट होते आणि ताईला आईनं कानात सांगितलं होतं, "जरा वाकून उभी राहा, फोटो निघतोय." ती जी तेव्हा वाकली ती वाकलीच. सपाट चपला. फोटोत एक गुडघा दुमडलेला. दहावीत हीच ताई पप्पांची मोटरसायकल घेऊन दूध डेअरीवर घालून यायची. वाटेत कुणी काही बोललं तर गाडी थांबवून त्याच्याकडं नुसती बघत उभी राहायची. माझ्यासारखं तोंड चालवायची गरज नसायची तिला.

धोंडे झाले, तूप झालं, दाजी हात पुसत अंगणात आले.

"ॲक्च्युअली छान दिसतेय रे. आमच्या ऑफिसचा ग्रुप लडाखला चाललाय. ही घेऊन जातो मी."

घेऊन जाऊ का, नाही. घेऊन जातो.

ते फूटरेस्टवर पाय देऊन घोड्यावर चढतात तसे चढले. स्टँड काढला. डावा पाय चाचपडला, अंगठा टेकला. उजवा टेकवायला गेले तर डावा सुटला. डावा टेकवायला गेले तर उजवा. असं दोन-तीनदा झालं आणि मग गाडी आणि दाजी, दोघं अगदी सावकाश, काहीही घाई न करता, कांदाचाळीच्या जाळीवर कलले.

आई ओरडली, "अगं बाई, जावई पडले!"

जावयाला काही झालं नव्हतं. माझ्या काचेवर वीतभर चरा गेला होता. त्याचं कुणी विचारलं नाही.

चहाला सगळे बसले. काकू, आत्या, शेजारचे दोघं. दाजी आत हात धूत होते. मला राहवलं नाही, आणि राहवावं असं मला आजही वाटत नाही. मी पाटावर बसलो, केस वर फुगवले, "ॲक्च्युअली" म्हणालो आणि दोन्ही पायांचे अंगठे जमीन शोधत हवेत फिरवायला लागलो. मग सावकाश आत्याच्या अंगावर कललो. आत्याचा चहा नाकातून आला. पप्पा भिंतीकडं तोंड करून खोकले. ताई ओढणी तोंडाला लावून अशी हसली, अशी हसली, की तिचा आवाजच फुटेना.

दाजी दारात उभे होते. ते माझ्याकडं बघतच नव्हते. ताईकडं बघत होते.

"उद्या गाडी गॅरेजला न्यायची," ते म्हणाले. "सीट कापून खाली करायची. मग मी नेणार."

"दाजी, कापलेला फोम परत उगवत नाही."

"दुसरा घालून घे नंतर."

मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, "अधिकात जावयानं तोंडानं मागितलं, नाय म्हणत नसत्यात."

"आई, चार महिने लागलेत त्याला!"

"लागू दे. आणि ऐक, उद्यापासून अधिक संपेपर्यंत गाडीबद्दल एक शब्द बोललास, कुणाची एक नक्कल केलीस, तर माझी शपथ हाय तुला. लय झालं तुझं."

दुसऱ्या दिवशी दाजी आणि ताई कारमधून आणि मी गाडीवर असे द्वारकेला पोचलो. मिस्त्रीला सणच होता.

"आधी वर, आता खाली. ही गाडी हाय का लिफ्ट?"

मी गप्प. त्याला वाटलं, मी आजारी आहे.

"ॲक्च्युअली," दाजी म्हणाले, "माझे पाय पूर्ण टेकले पाहिजेत. हँडलही खाली. आणि ती काच काढा, मला पुढचं दिसत नाही."

मिस्त्रीनं खडू आणि रेक्झिन कापायचं पातं आणलं. "बसा साहेब, खूण करून घेतो." दाजी चढले. मिस्त्रीनं एका बाजूनं गाडी धरली आणि सीटवर पांढरी रेघ ओढली. माझ्या मांडीखालून बरोब्बर चार बोटं जाणार होती. मी हाताची घडी घालून उभा होतो.

तेवढ्यात मागून एक टेम्पो आला. कांद्यानं भरलेला, आणि आमची गाडी रस्त्यात आडवी. त्यानं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मिस्त्री त्याच्याशी भांडायला धावला, म्हणजे गाडी सोडून धावला. दाजी वरच. अंगठे जमीन शोधायला लागले.

"अरे धर ना!" ते मला म्हणाले.

मी बोलायचं नाही अशी शपथ होती. मी बोललो नाही. धरलीही नाही. धरायचं शपथेत नव्हतं.

"उतरा हो," ताई म्हणाली.

तिनं एका हातानं गाडी धरली, दुसऱ्या हातानं जवळजवळ नवरा उतरवला. ओढणी कमरेला बांधली. बसली. दोन्ही पाय जमिनीवर, सपाट, टाचांसकट. बटण दाबलं, गाडी पुढं घेतली, टेम्पो गेला. आम्हाला वाटलं आता ही थांबेल. ती थांबली नाही. पुलाखाली शिरली, रिक्षांच्या गर्दीत एकदा दिसली, मग दिसेना. दिसली तेवढ्यात मी एक बघितलं, तिची पाठ सरळ होती.

"ही कुठं चालली?" दाजी म्हणाले. मिस्त्री माझ्याकडं बघायला लागला. मी तोंडावर बोट ठेवलं.

बऱ्याच वेळानं ती उलट्या बाजूनं आली. केस सगळे उडालेले. गाडी उभी केली, पण उतरली नाही.

"मिस्त्री, कापायची नाही."

"अगं, मला लडाखला…"

"तुम्ही विमानानं जा. जातात लोक."

"तुला काय करायचीय ही? तू बसतेस ना स्कूटरवर माझ्या मागं."

"बसते ना. गुडघे कुठं ठेवते ते कधी मागं वळून बघितलंय? सिग्नलला लोक हसतात आपल्याला. मला ऐकू येतं, तुम्ही हेल्मेटमध्ये असता." मिस्त्री पातं पुसत बसला होता, तिनं त्याला सांगितलं, "ती खडूची रेघ पुसा. आणि क्लच जरा कडक आहे, तो सैल करा. ही मी घरी नेतेय."

मी जिंकलो होतो. मला एवढा आनंद झाला की पहिलं अर्धं मिनिट मला शेवटचं वाक्य कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंड उघडलं, आणि आईची शपथ आठवली, आणि ताईनं पण नेमकं तेव्हाच विचारलं, "तुझं काही म्हणणं नाही ना रे?"

माझी गाडी गंगापूर रोडला गेली. मी कारमध्ये दाजींच्या शेजारी, गुडघे डॅशबोर्डला.

महिन्यानं आणायला गेलो. अधिक संपला होता, तोंड उघडं होतं. ती पार्किंगमध्येच भेटली, हेल्मेट घालत. हँडल तिनं आणखी मागं ओढून घेतलेलं, आरसे तिच्या मापाचे.

"ताई, ती माझ्या मापाची केलेली होती."

"माझ्या पण मापाची निघाली. मी काय करू?"

"मी राबलो चार महिने! त्या मिस्त्रीचं ऐकून घेतलं!"

"मग? तुला गॅरेज माहीत आहे, दुसरी घे, कर. तुला जमतं ते. मला परत कोण करून देणार आहे?"

मी तिची नक्कल करायला तोंड उघडलं. म्हटलं, आता बघ. आणि आवाजच लागेना. तिची कशी करतात तेच मला येत नव्हतं, इतकी वर्षं ती काही बोललीच कुठं होती.

ती गेली. दाजी भाजीची पिशवी घेऊन लिफ्टजवळ उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सगळं तुझ्यामुळं झालं," ते म्हणाले.

"माझ्यामुळं? खाली करायची खाज कुणाला होती?"

"तू वर केलीस म्हणून."

लिफ्ट आली. ते आत शिरले आणि दार लावून घेतलं. मी चांदवडची बस पकडायला रिक्षा शोधत निघालो.