मोठ्या बॉक्सला पाठ टेकून

आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. नवीन पाहुण्याला वाटतं भांडण पेटलंय. कारण एवढंच, की आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. तरुणपणी ते धुळ्याकडून सुरतेला आले, तिथल्या उधना भागात यंत्रमागाच्या एका खात्यात, म्हणजे कारखान्यात, लागले आणि अंग थकेपर्यंत तिथेच राहिले. कान मात्र फार आधी थकले.

मी लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायचे. खात्याच्या दारात पाय ठेवला की दात आपोआप थरथरायला लागत. आत कुणी तोंडाने बोलतच नसे. पाणी, धागा, शेठ आला, चहा आला, प्रत्येकाची हाताची खूण ठरलेली. मागांच्या त्या धडधडाटात आप्पा बनियनवर उभे असायचे आणि मला बघून हसायचे. मी डबा ठेवून कानात बोटं घालून पळायचे.

पुढे त्यांना कानाचं यंत्रही आणून दिलं. त्यांनी ते आठवडाभर लावलं. म्हणाले, "माणूस बोललं का शिट्टी वाजते, पंखा फिरला का शिट्टी वाजते. त्यापेक्षा हे बरं." आणि यंत्र कपाटात गेलं.

मी कापड मार्केटमध्ये साड्यांच्या डिझाइनचं काम करते, कॉम्प्युटरवर. गिटार कॉलेजात शिकले. आमचा चौघांचा एक ग्रुप आहे, आम्ही विहारातल्या कार्यक्रमांना वाजवतो. घरी सराव करताना आप्पा समोर खाटेवर बसतात आणि माझ्या बोटांकडे बघतात. थांबले की म्हणतात, "छान." इतकी वर्षं त्यांनी माझी गिटार फक्त पाहिली होती.

माझा अ‍ॅम्प्लिफायर छोटा आहे, कॉम्बो म्हणतात तसला. यंत्र आणि स्पीकर एकाच डब्यात. त्यात जुन्या रेडिओसारखे काचेचे व्हॉल्व्ह आहेत. गेल्या वर्षी आमच्या ओळखीतला एक गिटारवाला बायको-मुलांसह कॅनडाला निघाला. त्याच्याकडे एक भलामोठा स्पीकर-बॉक्स होता. आत बारा-बारा इंची चार स्पीकर, वर काळं रेक्झिन, खाली चाकं.

"विमानात काही हे बसत नाही," तो म्हणाला. "तू घेऊन जा. पण माझं ऐकून घे. बॉक्स जोडताना अ‍ॅम्प आधी बंद कर. आणि स्पीकर न जोडता तो कधीच चालू करू नको. व्हॉल्व्हवाल्या अ‍ॅम्पचा आतला ट्रान्सफॉर्मर जळतो."

"वायर?"

"गिटारची वायर नाही चालणार. दोन्हीची पिन सारखीच दिसते, तिथेच लोक फसतात. गिटारच्या वायरीतली तार बारीक असते. स्पीकरला जाड, दोन तारांची लागते."

टेम्पोतून बॉक्स आला. तिसऱ्या मजल्यावर चढवायला शेजारचे काका, खालच्या मजल्यावरचे ओडिशाचे दादा आणि आमच्या ग्रुपचा ढोलकीवाला, सगळे लागले. शेजारचे काका आणि ओडिशाचे दादा, दोघंही आप्पांबरोबर खात्यात होते, त्यांच्याही कानांची तीच गत. जिन्यात इतका आरडाओरडा झाला की दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती आजी, बा, दार उघडून विचारायला लागल्या, "शू थयुं?" काय झालं?

आईने बॉक्स बघितला आणि कपाळाला हात लावला. "हे कपाट कुठं ठेवशील? आणि वाजवशील तर खिडक्या फुटतील."

"आवाज तेवढाच ठेवीन गं."

"मग एवढं मोठं आणलं कशाला?"

मी बॉक्स ढकलत खाटेजवळच्या कोपऱ्यात नेला.

रविवारी दुपारी मी जाड वायर आणि दोन पिना घेऊन बसले. आप्पा न सांगता शेजारी येऊन बसले. मी वायर दाखवली, त्यांनी ती हातात घेतली, नखाने वरचं प्लास्टिक सोलून तारेला असा सुंदर पीळ दिला की केसाएवढी एकही तार बाहेर राहिली नाही. मी सोल्डरने पिनेला डाग दिला. त्यांनी वायर धरून ठेवली. दोन्ही टोकं झाली तेव्हा त्यांनी ती ओढून पाहिली आणि मान डोलावली.

मग कॉम्बो फिरवला. मागे स्पीकरसाठी दोन भोकं होती, एकावर आठ ओम लिहिलेलं, दुसऱ्यावर सोळा. आतला स्पीकर आठमध्ये लावलेला होता. बॉक्सच्या पाठीवर सोळा लिहिलेलं. दोन्हीकडे आकडा जुळला पाहिजे, एवढं मला माहीत होतं. अ‍ॅम्प बंद आहे हे बघितलं, मग प्लगही भिंतीतून काढला, भीतीपोटी. आतल्या स्पीकरची पिन उपसली, नवी वायर सोळाच्या भोकात घातली, दुसरं टोक बॉक्समध्ये. मग प्लग लावला, बटण दाबलं. व्हॉल्व्ह हळूहळू केशरी झाले. आई स्वयंपाकघराच्या दारात कानांवर हात ठेवून उभीच होती.

मी आवाज नेहमीच्याच आकड्यावर ठेवला आणि सगळ्यात जाड तार छेडली.

तो आवाज आधीचा नव्हता. मोठा झाला असं म्हणता येणार नाही, खिडक्या शाबूत होत्या. पण खोलीतली हवा एकदम हलली. माझ्या पोटऱ्यांना, छातीला काहीतरी लागलं आणि शांतपणे पुढे गेलं. तोच छोटा डबा, तेच व्हॉल्व्ह, तीच तार! मी परत छेडली. आईचे हात कानांवरून खाली आले.

"हे काय आहे?" ती हळू म्हणाली. आमच्या घरात हळू बोललेलं मी क्वचितच ऐकलंय.

आप्पा जमिनीवर बॉक्सला पाठ टेकून बसले होते, वायर ओढून पाहून झाल्यावर तसेच. ते एकदम ताठ झाले. वळून बॉक्सकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. परत पाठ टेकली आणि डोळे मिटले.

"आखो वाजाड," ते म्हणाले. म्हणजे आणखी वाजव. भान हरपलं की ते अहिराणीत बोलतात.

आम्ही विहारात वाजवतो ती एक संथ वंदनेची चाल मी धरली. आप्पांचं बोट गुडघ्यावर पडायला लागलं. पहिल्यांदा मागे-पुढे, मग बरोबर तालात. डोळे मिटलेले, माझी बोटं त्यांना दिसत नव्हती. मी मध्येच थांबले, बोट थांबलं. मी सुरू केलं, बोट सुरू झालं. मी बारीक तारांवर गेले तर ते म्हणाले, "आता गेलं." जाड तारांवर परत आले तर म्हणाले, "आलं. इथं आलं," आणि बरगडीवर हात ठेवला.

"तुम्हाला खात्याची आठवण येत असेल," मी ओरडून विचारलं. मला वाटलं होतं, असाच थरथराट त्यांनी जन्मभर सोसला.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "ते मारायचं. हे धरून ठेवतं."

त्यानंतर ते रोज दुपारी बसायला लागले. मग एक दिवस शेजारच्या काकांना घेऊन आले. काकांनी आधी लाजत तळहात लावला, मग पाठ. मग ओडिशाचे दादा आले. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "ये क्या बजाया अभी?" आणि मी सांगितलेलं त्यांना ऐकू आलं नाही, तरी हसले. तिघे म्हातारे बॉक्सच्या तीन बाजूंना टेकून बसत आणि मी वाजवत असे. आई चहा ठेवून जायची आणि दारात थोडा वेळ थांबायची.

बुद्धपौर्णिमेला विहारात आमचा कार्यक्रम होता. बॉक्स न्यायचाच, असं आप्पांनी ठरवून टाकलं. आम्ही तो स्टेजच्या पुढे खाली जमिनीवर ठेवला. लोक जमायला लागले तेव्हा आप्पा, काका आणि दादा, तिघंही पांढरे सदरे घालून आले आणि खुर्च्या सोडून सरळ बॉक्सला टेकून बसले, तोंडं लोकांकडे, पाठ आमच्याकडे. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या एका ताईंनी सांगितलं, "काका, इकडे बसा, तिथून दिसणार नाही." आप्पांनी हात हलवून नको म्हटलं.

आम्ही सुरू केलं. आमच्या ग्रुपमधल्या गाणारीचा सूर लागला, ढोलकी आली, मग मी. मला स्टेजवरून फक्त तीन पांढऱ्या पाठी आणि तीन टकलं दिसत होती. जाड तारेवर आले की तिन्ही टकलं एकाच वेळी जराशी खाली जात. माझ्या बोटांतून निघालेलं काहीतरी त्या लाकडातून त्यांच्या हाडांत जात होतं आणि मी ते डोळ्यांनी पाहत होते. मला पुढचा स्वर आठवेना, हात आपला आपण वाजवत राहिला.

चेहरे मला दिसले नाहीत, समोर लोकांत बसलेल्या आईला दिसले. घरी परतताना रिक्षात मी आईला विचारलं, "कसे दिसत होते गं तिघे?"

आई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तुला पाळण्यात झोका द्यायचो ना, तेव्हा तू दिसायचीस तसे."