मंडपातली शोकसभा

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात जोरदार भाषण मी एका प्रेताच्या उशाशी उभं राहून केलं, आणि त्या प्रेताला सारखी खाज सुटत होती. प्रेत म्हणजे आमच्याच शाळेतले गणिताचे मास्तर. हिवाळ्यात ते वडशाच्या एका नाटक कंपनीत विनोदी कामं करतात. अख्ख्या झाडीपट्टीत लोक त्यांना पाहिलं की आधी हसून घेतात आणि मग ते काय म्हणतात ते ऐकतात. अशा माणसाला पांढऱ्या कापडाखाली झोपवून त्याच्यासाठी लोकांना रडवायचं, हा बेत माझाच. दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही.

मी चामोर्शीकडच्या एका गावात इंग्रजी शिकवतो. गाव माझंच, आणि शिकलो तेही याच शाळेत. त्या वर्षी स्नेहसंमेलनात शिक्षकांनीही काहीतरी करावं असं ठरलं, आणि मी एका जगप्रसिद्ध विलायती नाटककाराच्या नाटकातला एकच प्रवेश मराठीत उतरवून आणला. या नाटककाराचं नाव इंग्रजीच्या प्रत्येक मास्तरच्या तोंडी असतं आणि नाटक एकाच्याही वाचनात नसतं. मी मात्र वाचलं होतं, आणि वाचलंय हे लोकांना कळावं अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. प्रवेश साधा आहे. रोममधल्या एका मोठ्या माणसाला त्याच्याच सोबत्यांनी मारलंय. तो हावरा होता म्हणून मारलं, असं त्यांनी लोकांना पटवलंय. मग मेलेल्याचा मित्र बोलायला उभा राहतो. तो मारणाऱ्यांना एकही शिवी देत नाही. उलट दर चार वाक्यांनी त्यांना चांगलं म्हणतो, आणि चांगलं म्हणता म्हणता लोकांच्या मनातून त्यांना उतरवतो.

मुख्याध्यापकांना वाटलं, मास्तर साहित्याची सेवा करतोय. खरं कारण वेगळं होतं, आणि ते फक्त मला आणि आईला ठाऊक होतं.

माझे बाबा गावच्या मच्छीमार संस्थेचे बरीच वर्षं अध्यक्ष होते. एका वर्षी संस्थेच्या बैठकीत एक जण उठला आणि म्हणाला, तलावात सोडायचं मासोळीचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, यांनी सोडलंच नाही, परस्पर दुसऱ्या गावाला विकलं. बाबा म्हणाले, डोंग्यानं, म्हणजे आमच्याकडच्या होडीनं, तलावात नेऊन सोडलं. साक्षीला कोणी उठलं नाही. त्यांना काढायच्या बाजूनं हात वर झाले आणि बाबा अध्यक्षाच्या खुर्चीवरून खाली आले. पुढच्या उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं, जाळी पडली आणि हातभर लांबीचे रोहू निघाले. विकलेलं बीज तलावात कसं वाढलं, असं कोणीही विचारलं नाही. गावानं मासोळी खाल्ली, काटे फेकले आणि विषय संपला. बाबांनी तलावाकडे जाणं सोडलं आणि दोन वर्षांत तेही गेले.

बैठकीत उठलेला तो जण म्हणजे भाऊ. त्यांना सगळा तालुका भाऊ म्हणतो, मीही तेच म्हणतो. निवडणूक कोणतीही असो, भाऊ तिच्यात असतात. मयत कोणाचीही असो, भाऊ तिच्यात असतातच. आमच्या भागात चितेला अग्नी दिला की लोक लगेच घरी जात नाहीत. घाटावरच बसतात आणि शोकसभा भरते. चार जण बोलतात, शेवटी सगळे उभे राहून दोन मिनिटं मौन पाळतात. बाहेरच्या पाहुण्यांना याचं नवल वाटतं. आम्हाला मात्र माणूस मुकाट्यानं जाळला तर त्याचं काहीतरी राहून गेलं असं वाटतं. या सभेतलं शेवटचं भाषण भाऊंचं. भाऊ बोलल्याशिवाय आमच्या गावात माणूस पुरता मेला असं कोणी धरत नाही.

बाबांच्या घाटावर भाऊ अर्धा तास बोलले. संस्थेचा आधार गेला, गोरगरिबांचा बाप गेला, असं म्हणत त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले. मी मडकं फोडून समोर बसलो होतो. शेवटी मौनाला सगळ्यांबरोबर मीही उभा राहिलो. बायका घाटावर येत नाहीत, म्हणून आईला कोणीतरी घरी येऊन सांगितलं की भाऊ लय चांगले बोलले.

आईनं मला विचारलं, "बीज सोडलं होतं, असं म्हनाला का?"

"नाही."

"मंग काय बोलला?"

तिला एवढंच हवं होतं. गावासमोर कोणीतरी एवढं एक वाक्य म्हणावं. मलाही तेच हवं होतं. फक्त मी शिकलेला असल्यामुळे मला ते विलायतेहून आणावं लागलं.

संमेलनाचे प्रमुख पाहुणे अर्थातच भाऊ होते. ते येणार नसते तर मी हा प्रवेश हाती घेतलाच नसता. गावाच्या आजूबाजूला वाघीण फिरून राहिली होती, म्हणून सगळा कार्यक्रम अंधार पडायच्या आत उरकायचा होता. आमचा प्रवेश आला भर दुपारी. दुपारच्या नाटकाचा तोटा असा की प्रेताच्या पायातले निळे मोजे दिसतात. फायदा असा की प्रेक्षकांची तोंडं दिसतात. मला एकच तोंड पाहायचं होतं, आणि ते पहिल्या रांगेत, लग्नाच्या स्टेजवरून उचलून आणलेल्या लाल सोफ्यावर होतं.

पडदा उघडला आणि मंडप हसला. गणिताचे मास्तर नुसते झोपले होते, पण लोकांना ते पुरलं. मागून कोणीतरी ओरडलं, "उठ रे बाप्पा, पगार झाला!" कापड पोटापाशी हललं. मी तिरडीला हळूच लाथ मारली. कापड थांबलं आणि मी सुरुवात केली.

पहिल्या वाक्यापासून माझा आवाज लागला होता, हे मी माझ्या तोंडानं सांगतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. मारेकऱ्यांसाठी मी 'माननीय' हा शब्द घेतला होता. इथं थोडं चुकलंच. आमच्याकडे माईकवर 'माननीय' ऐकलं की लोकांचे हात आपोआप टाळीला जातात. सत्काराच्या कार्यक्रमांनी त्यांना तसं वळणच लावलंय. मी दात ओठ खाऊन म्हणालो, हे सगळं माननीय लोकांनी केलं, आणि मंडपात टाळ्या पडल्या. त्यावर भाऊंनी सोफ्यावरून अर्धवट उठून हात जोडले. ज्या माणसाला मी भर सभेत उघडं पाडून राहिलो होतो, तो माझे आभार मानत होता.

पुढे मात्र मंडप हळूहळू शांत झाला. ज्याला तुम्ही हावरा म्हणता, त्यानं आपलं सगळं तुमच्यासाठीच ठेवलं, इथपर्यंत मी आलो तेव्हा बायकांच्या बाजूनं नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. एक म्हातारी हुंदके देत शेजारणीला विचारत होती, "कोनाचा होता व हा? लेकरं हायेत का त्याले?" सरपंचबाईंनी मोबाइल खाली ठेवला. आमच्या गावात याहून मोठा मान नाही. आणि पहिल्या रांगेत भाऊ ढसाढसा रडत होते. लाजेनं नव्हे. मी नीट पाहिलं. एखाद्या जाणत्या गवयानं दुसऱ्याची तान ऐकून डोलावं, तसे ते रडत होते.

मी शेवटचं वाक्य टाकलं आणि टाळ्यांसाठी मान खाली घातली.

टाळी नाही. एकही नाही. मी हळूच वर पाहिलं, तर भाऊ सोफ्यावरून उठून हात बांधून, डोळे मिटून उभे होते. त्यांच्यामागे ग्रामपंचायत उभी राहिली, मग शाळा समिती, मग सगळा मंडप. म्हाताऱ्यांनी डोक्यावरचे दुपट्टे काढले. लोकांनी रोमच्या माणसाची रीतसर शोकसभा घेतली होती, आणि आता दोन मिनिटं मौन चाललं होतं. समोर प्रेत, उशाशी बोलणारा माणूस, भाषण संपलेलं. दुसरं काय करणार ते? घाटावर टाळ्या कोण वाजवतो?

खरं सांगायचं तर मला फार राग आला. मला वन्स मोअर हवा होता.

मौन संपल्यावर पडदा पाडायचा, तर भाऊ पायऱ्या चढून स्टेजवर आले. सवयच ती. शेवटचं भाषण त्यांचं. माझ्या हातातला माईक त्यांनी इतक्या हक्कानं घेतला की मीही दिला. मयत कोण, कुठला, त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि त्यानं त्यांचं काहीच अडलं नाही. न भरून निघणारी पोकळी आली, काळाचा घाला आला. आणि मग भाऊ गदगदून म्हणाले, "चांगल्या मानसावर आळ घेनाऱ्याले देव कधी माफ करत नाई!" हे म्हणताना त्यांचं लक्ष माझ्याकडेच होतं. डोळ्यांत पाणी होतं आणि शरम तिळभरही नव्हती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस ढोंग करून राहिला नाही. तो विसरलाय. मी तीन महिने पाठ केलेलं भाषण ज्याच्या काळजात घुसायचं होतं, तिथं जागाच रिकामी होती. खाली गणिताचे मास्तर अर्धा तास श्वास धरून पडले होते. इतकं मन लावून काम त्यांनी कंपनीतही कधी केलं नसेल.

भाऊंचं झालं आणि लोक उठून चालायला लागले. शाळेनं पोहे केले होते, ते कोणी खाल्ले नाहीत. घाटावरून परतताना कोणी कोणाला 'येतो' म्हणत नाही आणि मागं वळून पाहत नाही. तसेच सगळे खाली माना घालून गावाच्या रस्त्याला लागले. पाच मिनिटांत मंडप रिकामा झाला; प्रेतही उठून खाजवत मागच्या बाजूनं निघून गेलं. उरलो मी, भाऊ, पोह्यांचं पातेलं, आणि मला घरी न्यायला स्टेजपाशी आलेली आई.

भाऊंनी माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, असा बोलनारा मी पाह्यला नाई. एक शब्द द्या मले. माह्या घाटावर शेवटचं भाषण तुम्हीच करजा."

इतक्या वर्षांत जे बोलता आलं नव्हतं ते मग माझ्या तोंडून धड भाषेत नाही, घरच्या भाषेतच बाहेर पडलं. "भाऊ, माह्या बापानं बीज सोडलं होतं."

"हो ना!" भाऊ म्हणाले. "मले माहीत हाये ना. मीच तं होतो त्याच्यासंग डोंग्यावर. अर्धं बीज माह्या हातानं सोडलं."

"मग बैठकीत तुम्ही..."

"अरे, ते बैठकीतलं बोलनं होतं, मास्तर." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बैठकीत तसंच बोला लागते."

 रोमच्या माणसाची बाजू मी सतरा मिनिटं न अडखळता मांडली होती. बाबांच्या बाजूनं पुढचं एक वाक्य सुचेना. आई मात्र पुढे झाली. "हेच माईकवर बोला ना, भाऊ. माईक सुरूच हाये."

"आता लोकं गेले ना, बाई," भाऊ हसून म्हणाले.

लोक गेले होते, पण भोंगे खांबावरच होते आणि त्यांची तोंडं गावाकडे होती. आई स्टेजच्या तीन पायऱ्या चढली. तिनं आयुष्यात माईक हातात धरला नव्हता. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, आणि घरात बोलते त्याच आवाजात बोलली. "ऐका जी. भाऊ सांगून राह्यले, का आमच्या घरच्या मानसानं तलावात बीज सोडलं होतं. भाऊ सोता डोंग्यावर होते. बस, एवढंच."

रस्त्यावरची माणसं थांबली आणि वळली. घाटावरून परतणारी माणसं वळत नाहीत, पण ती वळली. तेवढ्यात भाऊ आईच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि गावाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले, जणू त्यांनीच आईला वर पाठवलं होतं. लांबून पहिली टाळी आली. मग दुसरी. मग सगळ्या रस्त्यानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीच्या खऱ्या टाळ्या एवढ्याच.

दिवस मावळायच्या आत चौकात एकच विषय होता. भाऊचं मन किती मोठं, केवढ्या जुन्या गोष्टीचा सोक्षमोक्ष लावला, तोही एका विधवा बाईला माईक देऊन. माझ्या भाषणाबद्दल एकानं म्हटलं की मयत कोण होती ते नीट कळलं नाही.

मी घरी येऊन थयथयाट केला. या माणसानं आळ घेतला तेव्हाही मोठा झाला, रडला तेव्हाही मोठा झाला, आणि आता खरं बाहेर आलं तरी मोठा हाच झाला, असं बरंच काही. आई भाजी चिरत शांतपणे ऐकत होती. तिला हवं होतं ते वाक्य गावानं ऐकलं होतं, आणि ते कोणाच्या नावावर जमा झालं याची तिला फिकीर नव्हती. निदान मला तसं वाटलं.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "तुले त्याच्या घाटावर बोलाले सांगतलं ना त्यानं?"

"सांगितलं. मी कशाला जातो?"

"जाजो," आई म्हणाली. "जाजो आन् सगळं सांगजो, बैठकीपासून. तवा तो हात जोडाले उठनार नाई."