गुर्द्यावरची टोपी

दवाखान्यात उभा जन्म काढलेल्या माणसाजवळ दोनच गोष्टी साठतात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला घेऊन गेला. किस्से कुणी नेत नाही! घरी सांगायला लागलो की बायको म्हणते, "हे झालंय सांगून." म्हणून तुम्हाला गाठलंय. बसा जरा. मला मात्र बसायला सांगू नका, ती सवय डॉक्टरांनी मोडली.

मी शेख रसूल, उमरग्याला अणदूरकर डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यात कंपाउंडर. शिकलो उर्दूत, नोकरी केली मराठीत. आधी निजाम, मग हैदराबाद राज्य, मग मुंबई, मग महाराष्ट्र. एवढी सरकारं बदलली, पण आमच्या दवाखान्यातला तीन पायांचा बाक तोच राहिला. चौथ्या पायाच्या जागी विटा होत्या.

डॉक्टर त्या बाकावर कधी बसले नाहीत. खुर्चीवरही नाही. नाडी उभ्यानं बघायचे, चहा येरझाऱ्या घालत प्यायचे. त्यांच्याकडं बघून पेशंटलाच धाप लागायची!

एकदा असेच फेऱ्या मारताना म्हणाले, "शेख, माणसाच्या दोन्ही गुर्द्यांवर एकेक ग्रंथी असते. बोटाच्या पेराएवढी. टोपी घातल्यासारखी बसलेली. कुत्रं मागं लागलं की पळायचं बळ ती देते, आतल्या गाभ्यातून."

"आणि बाहेरच्या सालीतून?"

"रोज जगायचं बळ. साखर, मीठ, रक्ताचा दाब, सगळं तिच्या रसावर चालतं. रस कमी पडला तर माणूस कोलमडतो. जास्त झाला तर तोंड आणि पोट फुगतं, अन् हातपाय झिजतात."

मी म्हणालो, "समजलं. पण डॉक्टर, तुमच्या मागं रोज कुठलं कुत्रं असतं?"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

* * *

ही टोपी डॉक्टरांच्या डोक्यात शिरली ती पवार मास्तरांच्या बायकोमुळं.

सुमनवहिनी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. वरून दम्यानं बेजार, अंगावर मूठभर मांस नाही. सासू येता-जाता बोलून घ्यायची. आणि एका वर्षात सगळं बदललं! दमा पळाला. गाल असे भरले की डोळे बारीक दिसायला लागले. दिवसभर पायाला भिंगरी, एका जागी टेकणं नाही. सारखी भूक. मग पाळी चुकली आणि पोट दिसायला लागलं.

आमच्याकडं कुणी जाडजूड झालं की 'तब्येत झाली' म्हणतात. जी ती तोंडभरून सांगायची, "मास्तरणीची काय तब्येत झालीय!" सुईणीनं पोटावर हात ठेवून दिवस मोजून दिले. सासूनं आयुष्यात पहिल्यांदा सुनेला आयता चहा करून दिला.

डॉक्टरांनी वहिनींना बाजारात पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात देऊन उभेच राहिले. "शेख, हा चेहरा मला बरा दिसत नाही."

"डॉक्टर, सगळं गाव म्हणतंय तब्येत झाली!"

"म्हणूनच."

आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. सासूबाई दारातच आडव्या. "नजर लावायला आलात व्हय? पोटुशी बाई हाय. डॉक्टर कशाला लागतोय?"

"तपासू द्या एकदा. बरं, पोर हालतं का, तेवढं तरी सांगा."

"न्हाय हालत. आमच्या खानदानात समदी आळशीच निपजतात. ह्याचा बापच बघा की!"

ओसरीवर लोळत पेपर वाचणाऱ्या मास्तरांनी नुसतं पान उलटलं.

* * *

त्यानंतर डॉक्टरांना चैन पडेना. पुस्तकं काढली, चाळली, परत ठेवली. शेवटी म्हणाले, "चल, ती टोपी डोळ्यांनी बघू."

आठवडी बाजाराच्या भर दुपारी अणदूरकर डॉक्टर, जानवं, शेंडी आणि कांदासुद्धा न खाणारं घर, कासीम खाटकाच्या दुकानासमोर उभे! बाजार थांबला म्हणा ना.

"गुर्दा नको," डॉक्टर म्हणाले. "त्याच्या वरच्या चरबीत एक गाठ असते, टोपीसारखी. तेवढी द्या."

कासीम माझ्याकडं बघायला लागला. "रसूलभाई, ती तर आम्ही फेकतो. साहेबांची तब्येत ठीक हाय ना?"

त्यानं गाठ काढून पानात बांधली. दवाखान्यात येऊन डॉक्टरांनी ती चिरली आणि मला दाखवली. बाहेर पिवळसर साल, आत लालसर गाभा. मग माणसातली कशी असते ते कागदावर काढलं. उजवी तिकोनी, डावी चंद्रकोरीसारखी.

मी म्हणालो, "म्हणजे उजवीकडं गांधी टोपी आणि डावीकडं चाँद! डॉक्टर, आपण बाहेर उगाच भांडत होतो. आत आधीच समझोता झालेला हाय!"

डॉक्टर हसले, पण घरी गेल्यावर हसू गेलं. कासीमनं नवं गिऱ्हाईक म्हणून पावशेर कलेजी फुकट घरपोच पाठवली होती, आणि ती डॉक्टरांच्या आईनं स्वतःच्या हातानं घेतली होती.

* * *

मग डॉक्टरांनी मास्तरांना चिठ्ठी पाठवायचं ठरवलं. चिठ्ठी मी लिहिली, कारण डॉक्टरांचं अक्षर डॉक्टरांनाही लागत नसे. नव्या सरकारबरोबर नवे मराठी शब्द आले होते. गुर्दा म्हणायचं नाही, वृक्क म्हणायचं. त्यावरची ती अधिवृक्क ग्रंथी. डॉक्टर फेऱ्या मारत सांगत होते, मी उर्दू शाळेतला माणूस, कानावर पडलं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर कडुलिंबाची दोन रोपं घेऊन हजर. "डॉक्टर, तुमची चिठ्ठी मिळाली. वृक्ष लावायला मी कधीही तयार आहे. पण पत्नीच्या नावानं कशाला?"

मी 'अधिवृक्ष' लिहिलं होतं! डॉक्टरांनी माझ्याकडं असं पाहिलं की माझ्या दोन्ही टोप्या एकदम कामाला लागल्या. त्यांनी मास्तरांना परोपरीनं समजावलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आईला विचारतो." आई काय म्हणाली असेल ते सांगायला नको.

ती झाडं आज दवाखान्यासमोर उभी आहेत, बघून या. पण तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला होता. वहिनींना सातवा लागला म्हणून घरात डोहाळेजेवणाची तयारी चालली होती आणि आम्हाला कुणी दारात उभं करत नव्हतं.

* * *

आता आमची हलीमाखाला. माझ्या आईची बहीण, धंद्यानं मनियारीण, घरोघरी बांगड्या भरणारी. उमरग्यातल्या निम्म्या बायकांच्या हाताचं माप तिच्या बोटांत होतं. हात नुसता दाबला की सांगायची, "सव्वादोन. खोटं बोलू नको, दोन न्हाय बसायची."

डोहाळेजेवणाच्या दिवशी खाला हिरव्या चुड्याची टोपली घेऊन मास्तरांच्या घरी गेली आणि तासाभरात तरातरा दवाखान्यात आली. टोपली माझ्या टेबलावर आदळली.

"रसूल, तुझा डॉक्टर कुठाय?"

"काय झालं, खाला?"

"सुमनचा हात सव्वादोनचा. लग्न होऊन आली तवापासनं म्याच भरते. आज सव्वादोनच्या बांगड्या पार कोपरापत्तूर गेल्या! त्याहून ल्हान दोन-दोनच्या भरल्या, त्याबी ढिल्ल्या." खालाला धाप लागली होती. डॉक्टर आतून आले तशी त्यांच्याकडं वळली. "डॉक्टर, चाळीस वर्षं मी हात धरतेय. पोटुशी बाईचा हात सुजतो, बांगडी चढत न्हाय. दिवस गेलेल्या बाईची बांगडी लहान झालेली म्या कंदी बघितली न्हाय. तिच्या पोटात लेकरू न्हाय!"

"हे तिथं बोललात?"

"समद्यांपुढं? माझं डोकं फिरलंय व्हय? तिच्या कानात बोलले. ती म्हणाली, खाला, मलाबी तसंच वाटतंय."

* * *

दुसऱ्या दिवशी सुमनवहिनी आल्या, खालाच्या आडोशानं. डॉक्टरांनी तपासलं. पोटावर जांभळे रुंद ओरखडे, दंड नि मांड्या काटकुळ्या, रक्ताचा दाब चढलेला.

"वहिनी, मूल नाही," डॉक्टर म्हणाले.

त्या रडल्या नाहीत. हिरवा चुडा वरखाली करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग माझ्या पोटात हाय तरी काय, डॉक्टर? मी कुणाशी बोलत होते एवढे दिवस?"

आणि आमचे डॉक्टर बसले! त्या तीन पायांच्या बाकावर, त्यांच्या शेजारी. मी तोंड फिरवून बाटल्या पुसायला लागलो. खोटं कशाला सांगू, मला काही दिसत नव्हतं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "दमा कशानं गेला?"

वहिनींनी पदराच्या गाठीतून पुडी काढली. नळदुर्गच्या आठवडी बाजारात एक पुडीवाला बसायचा, त्याची. रोज तीन. मी चिमूटभर जिभेवर ठेवली. आम्ही कंपाउंडर लोक निम्मी औषधं जिभेनं ओळखायचो. कडूजहर! हीच चव मी आधी चाखली होती. कंपनीचा माणूस नमुना म्हणून पांढऱ्या गोळ्या देऊन गेला होता, त्या टोपीच्या रसाच्याच. पुडीवाल्यानं त्या कुटून राखेत मिसळल्या होत्या.

"म्हणजे टोपी चांगली आहे," डॉक्टर उठून फेऱ्या मारायला लागले. "हे विष बाहेरून येतंय! पण वहिनी, पुडी एकदम बंद—"

बाहेरून, शोधत आलेल्या सासूची हाक आली आणि वहिनी अर्ध्या वाक्यातच निघून गेल्या.

* * *

तिसऱ्या दिवशी मास्तर धावत आले. धावत, बरं का! मी त्यांना त्याआधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. "सुमन उठत नाही. ओकतेय. हात गार पडलेत."

'विष' एवढा शब्द घरी पोचला होता. सासूबाईंनी सगळ्या पुड्या चुलीत घातल्या होत्या.

माझ्या सायकलवर डॉक्टर मागं बसले, माझ्याआधी उतरले आणि पळत आत गेले. पांढरी गोळी पाण्यात विरघळवली आणि मीठसाखरेच्या पाण्याबरोबर चमच्याचमच्यानं पाजली. सासूबाईंनी वास घेतला, चव बघितली आणि कपाळाला हात लावला. "हे तर तेच हाय! परवा विष म्हणालात, आज तेच पाजताय?"

"आजी, आयता रस मिळाला की आतली टोपी झोपी जाते. तिला हळूहळू जागं करायचं असतं. तुम्ही एकदम हंडाभर पाणी ओतलंत!"

सूर्य कलेपर्यंत आम्ही तिथंच होतो. वहिनींनी डोळे उघडून "भूक लागली" म्हटलं, तेव्हा सासूबाई चुलीपाशी जाऊन पदर तोंडात धरून रडल्या. म्हणाल्या, "पोर न्हाय तर न्हाय. ही राहू दे."

पुढं कितीतरी महिने मी ब्लेडनं गोळ्या चिरल्या. आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव, मग पावाचा अर्धा. कडू भुगा नखांत बसायचा, त्या हातानं खाल्लेलं जेवणही कडू लागायचं. दम्याला दुसरं औषध सुरू केलं. वहिनींचे गाल उतरले, पोट गेलं, डोळे पुन्हा मोठे दिसायला लागले.

आणि गाव काय म्हणालं? "अणदूरकर डॉक्टरनं चांगल्या बाईची तब्येत घालवली!" दोन महिने निम्मे पेशंट दुसरीकडं गेले. पुडीवाला मात्र नळदुर्गच्या बाजारातून रातोरात नाहीसा झाला.

* * *

दोन संक्रांती गेल्या. एके सकाळी हलीमाखाला दवाखान्यात आली. टोपली नव्हती. तिनं माझ्या टेबलावर तीन हिरवे तुकडे ठेवले.

"हे काय?"

"सव्वादोनच्या. गेल्या संक्रांतीला ह्याच हातात नीट बसल्या होत्या. आज चढवताना पिचल्या."

डॉक्टर फेरी मारता मारता थांबले. "मग?"

"मग काय! अडीचच्या भरल्या."

खालाच्या मागं सुमनवहिनी उभ्या होत्या. हसत नव्हत्या, घाबरल्यासारख्या दिसत होत्या. डॉक्टर चार पावलं आले आणि त्या तीन पायांच्या बाकावर बसले.

"वहिनी... हालतं का?"

"डॉक्टर," वहिनी म्हणाल्या, "हे बापावर गेलेलं न्हाय. सकाळपासनं लाथा मारतंय."