तोंड वर की खाली

वेणीमाधव अनगरकर मला पहिल्यापासून फारसे आवडायचे नाहीत, हे आधीच सांगून टाकते. आमच्या शाळेच्या ऑफिसात ते हेडक्लार्क, मी विज्ञानाची शिक्षिका. माझा रजेचा अर्ज त्यांनी एकदा तीन वेळा परत पाठवला होता. कारण काय, तर मी एक तारीख गिरवून दुरुस्त केली होती.

"माढेकर बाई, गिरवायचं नाही. एक आडवी रेघ मारा, वर दुरुस्ती लिहा, शेजारी सही आणि तारीख. खोडलेलं वाचता आलं पाहिजे."

बावीस वर्षं मुलांना शिकवून मला खोडायचं कसं ते या माणसाकडून शिकावं लागलं. रागानं मी स्टाफरूममध्ये त्यांची नक्कलही केली होती.

त्यातून ते शेजारी. विजापूर रोडच्या आमच्या कॉलनीत त्यांची आणि माझी भिंत एक. लग्नानंतर चौदा वर्षांनी त्यांना मुलगी झाली, देवयानी. ती अकरा वर्षांची असताना डेंग्यूनं गेली. त्याला आता दोन वर्षं होत आली. तिच्या मरणात माझं एक वाक्य आहे. मी ते बोलले तेव्हा तिथे अनगरकर आणि मी, दोघंच होतो. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. ते कधीतरी तोंडावर बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले, आणि खरं सांगायचं तर भीत राहिले.

सुरुवात झाली ती देवयानीच्या वाढदिवसाला. तिला फिश टँक हवा होता. अनगरकर तिला घेऊन सात रस्त्याजवळच्या अनिलकुमारच्या दुकानात गेले आणि एखाद्या नवशिक्यानं जे करू नये ते सगळं करून आले. रंग बघून मासे घेतले. निळ्या-लाल रेघेचे बारा टेट्रा, बोटाच्या पेराएवढा एक ठिपक्यांचा ऑस्कर आणि काच साफ करतो म्हणून एक काळपट सकर. सकर म्हणजे काचेला तोंडानं चिकटून शेवाळ खाणारा मासा. पिशवीतलं पाणी आणि टँकचं पाणी एका तापमानाला यावं म्हणून पिशवी आधी वीस मिनिटं तरंगत ठेवायची असते, तीही नाही ठेवली. नळाचं पाणी दोन दिवस शिळं करून वापरायचं, हा नियम मात्र आपोआप पाळला गेला. आमच्याकडे नळाला पाणीच पाच दिवसांनी येतं. त्या बाबतीत प्रत्येक सोलापूरकर मासे पाळायला तयार असतो.

दीड महिन्यात बारा टेट्रांचा एक उरला. ऑस्कर चांगलाच गुबगुबीत झाला होता. देवयानी रडून रडून सुजली. अनगरकर तणतणत दुकानात गेले तर अनिलकुमार शांतपणे म्हणाला, "साहेब, मोठा झाल्यावर केवढा होतो, कुणाबरोबर राहतो, विचारलं का तुम्ही? रंग बघून घेतलं की."

हे त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल कापडी पाठीचं एक लांब रजिस्टर काढलं, पट्टीनं रकाने आखले. दुकानातलं नाव, खरं नाव, पूर्ण वाढीची लांबी, कुणाशी पटतं, कुणाशी पटत नाही, शेरा. मग रोज संध्याकाळी बाप-लेक टँकसमोर बसायचे. ओळखण्यात पोरगी बापापेक्षा हुशार. तिच्यामुळे त्यांची एक मोठी चूक सापडली. मनपाच्या आरोग्यखात्याचा माणूस दर पावसाळ्यात घरोघरच्या हौदात गप्पी मासे सोडून जातो, डासांच्या अळ्या खायला. अनगरकरांनी हौदात वाकून बघून त्यांच्या दोन नोंदी केल्या होत्या. एक छोटा, रंगीत शेपटीचा. दुसरा मोठा, मळकट, पोटाशी काळा डाग असलेला.

"बाबा, ही दोन नाहीत," देवयानी म्हणाली. "हा नवरा आहे आणि ही बायको. तिला पिल्लं होणारेत, म्हणून डाग."

अनगरकरांनी रेघ मारली, दुरुस्ती केली, सही केली, तारीख घातली. हे त्यांनी मला गच्चीवरून स्वतः सांगितलं. एवढं हसताना मी त्यांना ऑफिसात कधी बघितलं नव्हतं.

ऑस्कर दुकानात परत गेला. टँक मोकळा झाला. अनिलकुमार म्हणाला, नवशिक्यानं गप्पीपासून सुरुवात करावी, ते सहसा मरत नाहीत. विकत कशाला घ्यायचे, आपल्या हौदात आहेत की! बाप-लेकीनं चहाच्या गाळणीनं हौदातले सगळे गप्पी धरून टँकमध्ये आणले. पण टँकमधला सकर तोवर वीतभर झाला होता. झाडं उपटायचा, तळ ढवळायचा. त्याला हौदात सोडायचं असं दोघांचं ठरलं.

आणि अनगरकर अनगरकर असल्यामुळे त्यांनी आधी विचारलं. मला विचारलं.

ऑगस्टची पाच तारीख होती. मी स्टाफरूममध्ये एकटीच आठवीच्या चाचणीचे पेपर तपासत बसले होते. ते रजिस्टर काखेत घेऊन आले.

"बाई, एक शंका आहे. तुम्ही सायन्सच्या, म्हणून विचारतो. हौदातले गप्पी काढले. त्यांच्या जागी सकर सोडतोय. चालेल ना?"

मी मान वर केली नाही. क्लार्कच्या माशांचं मला हसू येत होतं आणि पेपर संपत नव्हते. मी म्हणाले, "मासा आहे ना? मग झालं."

त्यांनी खिशातलं पेन काढलं, उभ्या उभ्या काहीतरी लिहिलं, "आभारी आहे," म्हणाले आणि गेले. माझ्या हातातल्या पेपरात चौथा प्रश्न होता, डासांच्या नियंत्रणासाठी कोणता मासा वापरतात. पोरानं लिहिलं होतं, गप्पी. मी बरोबरची खूण केली आणि एक गुण दिला.

पुढचे तीन आठवडे अनगरकरांचा हौद कधी नव्हे इतका स्वच्छ होता. शकुंतलावहिनी, म्हणजे त्यांच्या मिसेस, मला कौतुकानं सांगायच्या, यंदा घासावाच लागला नाही, भिंतीवर शेवाळाचा कण नाही. हौद खोल आणि अर्धा पत्र्याखाली. वर तरंगणारं काय ते अंधारात दिसायचं नाही. आठवड्यातून एक दिवस हौद कोरडा करा म्हणून मनपावाले रिक्षातून ओरडून जातात, पण पाच दिवसांनी मिळणारं पाणी कोण ओतून देतो?

शनिवारी देवयानीला ताप आला. पाऊस-पाण्याचे दिवस, म्हणून दोन दिवस गोळीवर काढले. मंगळवारी अंगावर लाल पुरळ, हिरड्यांतून रक्त. दवाखान्यात दाखल केलं. रिपोर्ट आला तसे बुधवारी सकाळी मनपाचे लोक कॉलनीत तपासणीला आले. त्यांच्यातला भारत आम्हाला ओळखीचा, दर वर्षी तोच गप्पी सोडायचा. त्यानं अनगरकरांच्या हौदात बॅटरी मारली. मी कंपाउंडच्या भिंतीपाशी उभी होते.

"अण्णा, अळ्याच अळ्या हायत की! म्या सोडलेलं गप्पी कुटं गेलं?"

अनगरकरांनी सांगितलं. भारतनं जाळी घालून सकर वर काढला, उलटा धरला.

"ह्यो न्हाय खात अळ्या. ह्याचं तोंड बघा की, खाली हाय. ह्यो तळाला बसून शेवाळ खातोय. गप्पीचं तोंड वर असतंय, म्हणून त्यो वरचं टिपतोय. तोंड बघायचं असतंय, अण्णा."

अनगरकर त्या माशाच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांना मी दिसले. मी घरात निघून गेले. त्या क्षणी भिंत ओलांडून जायला हवं होतं, मीच सांगितलं होतं म्हणायला हवं होतं. मी आत जाऊन गॅसवर भाजी टाकली.

दुपारी डबा घेऊन दवाखान्यात गेले, तोंड लपवता येत नाही म्हणून. शकुंतलावहिनी पोरीचे पाय चोळत होत्या. देवयानीच्या हाताला सुई, डोळे अर्धवट. थोड्या वेळानं अनगरकर घरून आले. त्यांना बघून ती पुटपुटली, "बाबा, सकर हौदात एकटाच आहे. त्याला अंधारात भीती वाटेल. अजून एक आणू या?"

"आणू," ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "बाई, सकाळपासून धावपळ चाललीय तुमची. तुम्ही घरी जा आता," एवढंच बोलले. मी सुटल्यासारखी जिना उतरले. त्या सुटल्यासारखं वाटण्याची मला आजही किळस येते.

शुक्रवारी, गणपती बसायच्या आदल्या दिवशी, देवयानी गेली. प्लेटलेट्स चढवल्या, आयसीयूत हलवलं, काही उपयोग झाला नाही. कॉलनीच्या मांडवात त्या वर्षी स्पीकर लागला नाही.

दिवस झाले आणि शकुंतलावहिनींनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. ताट वाढायच्या, कपडे धुवायच्या, पण शब्द नाही. भेटायला येणाऱ्या बायकांना सांगायच्या, "यांनी काढले ना मासे. यांच्या हातांनी." एकदा मी समोर होते, हातात त्यांनीच दिलेला चहाचा कप. त्या माझ्याकडे बघत हेच म्हणाल्या. अनगरकर दाराशी उभे होते, ऐकत. मी चहा संपवला.

सकर त्यांनी मारला नाही. त्याचा काय दोष, म्हणाले, आणि दुकानात देऊन आले. टँकमधल्या गप्पींची पिल्लं वाढवायला लागले. दर रविवारी झाकणाची बादली घेऊन कॉलनीत फिरायचे, पुढे शेजारच्या झोपडपट्टीतही. प्रत्येक घरात गप्पी ग्लासात घेऊन उजेडाकडे धरायचे आणि तोंड दाखवायचे. पोरं त्यांना गप्पीआजोबा म्हणायची. ऑफिसात कुणाचा अर्ज परत पाठवणं त्यांनी बंद केलं होतं. आम्ही वाटेल तसं गिरवायचो, ते मुकाट्यानं घ्यायचे.

माझ्याकडेही आले. ग्लास माझ्या डोळ्यांसमोर धरला.

"बघा बाई. तोंड वर वळलेलं आहे. विकत घेताना आपण रंग बघतो. तोंड बघायचं असतं."

"हो," मी म्हणाले. आता बोलतील, असं वाटलं.

"झाकण लावत जा हौदाला," ते म्हणाले आणि बादली उचलून पुढच्या घरी गेले.

यंदा मेअखेरीला ते निवृत्त झाले. घर विकून दोघं करमाळ्याला, शकुंतलावहिनींच्या भावाशेजारी राहायला गेली. जायच्या दिवशी टेम्पो भरून झाल्यावर ते माझ्या दारात आले. हातात ते लाल पाठीचं रजिस्टर.

"शाळेत ठेवा. मुलांना मासे ओळखायला उपयोगी पडेल."

ते आत आले नाहीत. टेम्पो गेल्यावर मी उभ्यानंच रजिस्टर उघडलं. तेवीस मासे. टपोरं, सरळ अक्षर, काही ठिकाणी मध्येच देवयानीचं गोलगोल. कडेच्या समासात नंतर कोंबलेला एक रकाना लाल शाईनं आखलेला. वर रकान्याचं नाव, "तोंड". खाली तेवीस वेळा लिहिलेलं, वर, समोर, खाली.

सकरची नोंद तिसरी. शेऱ्यात लिहिलं होतं, "माढेकर बाईंच्या तोंडी सांगण्यावरून हौदात सोडला. ५ ऑगस्ट."

त्यावर पट्टीनं मारलेली एक आडवी रेघ होती. वर दुरुस्ती होती, "स्वतःच्या मनाने सोडला." शेजारी सही. तारीख ४ सप्टेंबर.

चार सप्टेंबर म्हणजे तो बुधवार. सकाळी भारतनं मासा उलटा धरला आणि दुपारी अनगरकर घरून दवाखान्यात आले, त्या मधल्या वेळात ही रेघ मारली होती. पोरगी अजून जिवंत होती. जिनं आपल्याला चुकीचं सांगितलं तिचं नाव खोडून, सही करून हा माणूस दवाखान्यात आला होता आणि मला म्हणाला होता, धावपळ चाललीय तुमची, घरी जा.

मी जमिनीवर बसून रडले. मग पेन घेतलं आणि त्या ओळीखाली लिहिलं, मूळ नोंद बरोबर. सही केली, तारीख घातली. आणि करमाळ्याला फोन लावला.

फोन शकुंतलावहिनींनी घेतला. मी एका दमात सांगितलं. सकर सोडू का म्हणून त्यांनी मला विचारलं होतं, मी हो म्हणाले होते, त्यांनी रजिस्टरात माझं नाव लिहिलं होतं आणि खोडलं, दोष त्यांचा नाही, माझा आहे.

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी तेव्हाच वाचलंय ते," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव लपवलं म्हणून मी त्यांच्याशी बोलत नव्हते. तुम्ही कधी सांगताय, तेवढं बघत होते. खोडलेलं वाचता येतं की, बाई."

आणि त्यांनी फोन ठेवला.