दणकट नाडीची हौसा

चैत्राच्या उन्हात अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय टेकवला तर चटका बसायचा, अशा दिवसांत आमची हौसा पायांत लोकरीचे मोजे घालून हिंडायची. मोजे तिच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचे. तात्या फौजेतून हवालदार होऊन परतले, तेव्हा ट्रंकेत हे खाकी मोजे घेऊन आले होते. ते हौसाच्या गुडघ्यांच्याही वर जायचे. कुणी हसलं की ती म्हणायची, "माजं पाय काश्मिरात ऱ्हात्यात, बाकीची मी हितं ऱ्हाते." एकदा मी तिच्या पावलाला हात लावून पाहिला. माठाच्या बुडासारखं गार होतं.

हौसा माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी आणि उंचीनं माझ्या खांद्याच्याही खाली. लोणंदच्या बाजारात एखादी बाई मला हमखास विचारायची, "धाकटी भन का गं तुजी?" मग हौसा पिशवी खाली ठेवायची, कमरेवर हात ठेवायची आणि त्या बाईला ऐकवायची, "उंची बघू नगा मावशी, जलम बघा. मी थोरली हाय. ही मला अक्का म्हनती." मी एरवी अक्काबिक्का काही म्हणत नसे. पण बाईसमोर म्हणावं लागायचं, नाहीतर गावाच्या वाटेवर चिमटे ठरलेले.

तिची मान आखूड आणि रुंद होती, मागचे केस पार खाली मानेपर्यंत उतरलेले. शाळेत पोरी तिला बाहुली म्हणायच्या, पण तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा ऐकलेलं कीर्तन ती बुवांच्या खोकल्यासकट म्हणून दाखवायची. भूमितीचा मात्र तिला मनापासून राग. "ह्या त्रिकोनाचं माजं काय भांडान न्हाई, पन त्यो मला बोलू देत न्हाई," असं ती गुरुजींना तोंडावर सांगायची. आणि वाटा तिच्या कधी ध्यानात राहिल्या नाहीत. दोन गल्ल्या वळल्या की ती माझ्या ओढणीचं टोक धरायची आणि वर म्हणायची, मी तुला सांभाळून नेतेय.

घरात तिच्याबद्दल एका गोष्टीचं फार कौतुक होतं, ते म्हणजे तिच्या नाडीचं. लोणंदच्या वैद्यांनी तिचं मनगट धरलं आणि ते खूश झाले. "हवालदार, पोरगी बारकी दिसती, पन नाडी घोड्याची हाय!" तेव्हापासून पाहुणा आला की तात्या हौसाला हात पुढे करायला लावायचे. "बगा, बगा. इंजनागत चालतीय. फिट हाय एकदम. उंचीचं काय, यील मागनं." पाहुणे मनगट धरून माना डोलवायचे. तिच्या गळ्यापाशी तर ठोके नुसत्या डोळ्यांना दिसायचे.

आणि त्याच पोरीचं डोकं दर दोन-चार दिवसांनी ठणकायचं. नाकाचा घोळणा फुटायचा तो असा, की टॉवेल भिजायचा. विहिरीपर्यंत गेलं की तिच्या पोटऱ्या भरून यायच्या आणि ती बांधावर बसायची. यातलं काही आमच्यापासून लपलेलं नव्हतं. पण सगळ्याला घरात एकच उत्तर होतं. उष्णता. सब्जा भिजवा, कांदा हुंगवा, डोक्यावर पाण्याची धार धरा.

मोठ्या दुष्काळानंतरच्या एका उन्हाळ्यात आम्ही दोघी तिच्या मामांकडे सांगलीला गेलो. मामा विश्रामबागेत राहायचे, एका कॉलेजात कारकून होते. आम्हाला पंधरावं सरून सोळावं लागलं होतं. तिथं हौसाचा घोळणा फुटला आणि थांबेचना, तेव्हा मामी तिला गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. मीही गेले. बाई चेष्टेखोर होत्या, हौसाशी त्यांची लगेच गट्टी जमली. नाकातलं रक्त थांबलं, गोळ्या झाल्या, गप्पा झाल्या. मग बाईंनी तिच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला. दुसऱ्या दंडाचा मोजला. नंतर तोच पट्टा मांडीला बांधला, जांघेत बोटं ठेवली, मोजे काढून पावलांवर बोटं ठेवली आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. त्यानंतर त्यांनी एकही विनोद केला नाही.

हौसानंच विचारलं, "नाडी लागंना व्हय बाई, पायाला?"

"तुझ्या वडिलांना बोलावून घे," बाई म्हणाल्या.

तात्या तिसऱ्या दिवशी गाडीनं आले. बाईंनी हौसाला बाहेर बसायला सांगितलं. ती बसली, पण दाराला कान लावून, आणि शेजारी मी. बाई एकेक शब्द तोलून बोलत होत्या. आई-बापाकडून बीजाचे जे धागे लेकराकडे येतात, त्यांतला एक हिच्याकडे आलाच नाही. याला टर्नर म्हणतात. दोष आईचा नाही, बापाचा नाही, कुणाच्या नजरेचा नाही. उंची वाढणार नाही. ती आपणहून शहाणी होणार नाही, पाळी येणार नाही, मूल होणार नाही. "पण हवालदारसाहेब, हे सगळं बाजूला ठेवा. यातल्या काही मुलींच्या हृदयातच जन्मापासून खोट असते. हिच्या हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी पुढे एका जागी आवळलेली आहे. वरच्या अंगात दाब भयंकर, खाली रक्त पोचत नाही. हौसा सांगत होती, तुम्ही तिच्या नाडीचं कौतुक करता. ती नाडी दणकट नाही, ती तुंबलेली आहे."

तात्या आता शेतकरी माणूस. फौजेतून आल्यापासून उसाला पाणी देण्यातच त्यांचे दिवस गेलेले. ते हळूच म्हणाले, "म्हंजी पाटात डेकूळ आडाकलंय."

"हो."

"मग वरच्या अंगाला पाट फुटंल की, बाई!"

"तेच तर सांगते आहे मी. मुंबईला न्या. तो आवळलेला भाग कापून जोडता येतो. आज ती चांगली आहे, आज न्या. फुटल्यावर कुणी काही करू शकत नाही."

येताना गाडीत तात्या खिडकीकडे तोंड करून बसले होते. कराड गेलं, सातारा गेलं, तरी तसेच. मला वाटलं, मुंबईचा विचार करताहेत. लोणंदला उतरल्यावर त्यांनी आम्हा दोघींना थांबवलं आणि म्हणाले, "घरी काय बोलायचं न्हाई. डॉक्टरनं उष्णता सांगितलीय."

बाईंनी जे बाजूला ठेवायला सांगितलं होतं, नेमकं तेच तात्यांनी उराशी धरलं होतं. मूल होणार नाही, हे बाहेर कळलं तर पोरगी घरात राहणार. मुंबईला नेलं तर गाव विचारणार, कशाला नेलं? पाठीवरून छातीपर्यंत टाके पडले तर लपवायचे कसे? आधी लग्न होऊ दे, मग नवऱ्याच्या घरचे काय ते बघतील, असा त्यांनी हिशेब लावला. माणूस वाईट नव्हता. लेकीवर त्यांचा फार जीव होता, आणि त्या जिवापायीच त्यांनी तिला मृत्यूच्या दारात उभं करून ठेवलं. मला हे आजही शांतपणे लिहिता येत नाही.

काकीला, म्हणजे हौसाच्या आईला, त्यांनी निम्मंच सांगितलं, लग्नापुरतं. त्या माऊलीनं मग आपल्या बुद्धीप्रमाणे लेकीची अब्रू झाकली. दर महिन्याला ती हौसाला बाहेर बसवायला लागली. सोप्यात कोपऱ्यात घोंगडं, वेगळा तांब्या, लांबून वाढलेलं ताट. दोरीवर धुतलेले कपडे. शेजारणींनी बघावं आणि पोरगी शहाणी झाली असं समजावं, एवढ्यासाठी.

हौसानं सुरुवातीला त्याचीही मजा केली. "तात्यास्नी फौजेत वर्साला रजा मिळायची, मला म्हैन्याला मिळती," असं म्हणून ती घोंगड्यावर लोळत जुने पेपर मोठ्यानं वाचायची. मी शाळेतून आले की लांबूनच ओरडायची, "शिवू नगंस गं, इटाळ हुईल!" आणि स्वतःच खदखदून हसायची. हसता हसता मानेवरची शीर टरारून फुगायची. मी तिकडे बघायचं टाळायला लागले होते.

असंच वर्ष गेलं, दुसरंही सरत आलं. एका दुपारी ती अशीच बाहेर बसली होती. शेजारची शेवंता पीठ चाळत आमच्या सोप्यात बसलेली. एकाएकी हौसाचा घोळणा फुटला. या वेळचं रक्त वेगळंच होतं, दोन्ही नाकपुड्यांतून धार, तोंडातही. काकी चुलीपासून धावत आली आणि सोप्याच्या मधोमध थबकली. शेवंता बघत होती. लेक बाहेरची, आणि तिला शिवायचं कसं? काकीचे दोन्ही हात पुढे आलेले होते आणि पाय हलत नव्हते. हौसा ओंजळीत रक्त धरून आईकडे बघत राहिली. शेवटी मी गेले आणि तिचं डोकं धरलं. शेवंता म्हणाली, "आगं, शिवलीस की!" काकी तिथंच मटकन बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

त्या संध्याकाळी हौसा मला म्हणाली, "आईला ठावं हाय मी बाहेरची न्हाई. तरी तिला हात लावता आला न्हाई. म्हंजी मी मरताना बी अशीच लांबनं बघत्याल सगळी." मी काहीतरी समजूत घालायला गेले, तर तिनं मला थांबवलं. "तू गप. मी थोरली हाय. मला कळतंय काय करायचं."

पुढच्याच महिन्यात शिरवळहून पाहुणे तिला बघायला आले. नवरामुलगा बिजवर, कारखान्यात कामाला, पदरात दोन लेकरं. म्हणजे हिला मूल नाही झालं तरी बोभाटा नको, असं तात्यांनी धरलेलं. हौसाला काकीचं इरकल नेसवून दोन पाट एकावर एक ठेवून बसवलं होतं. पोहे झाले. मुलाच्या चुलत्यांनी रीतीप्रमाणे नाव विचारलं, शाळा विचारली, आणि मग विचारलं, "सैपाक येतो का, बाळ?"

"येतो की," हौसा म्हणाली. "भाकरी येती, कालवन येतं. पन एक सांगते, मागनं बोल नगं. मी शानी झालेली न्हाई आन् हुनार बी न्हाई. बाहेर बसते ती सोंगं हाईत. माज्या काळजापाशी शीर आवळलीय, त्येचं मुंबईला आप्रेशन करायचं हाय. ते करून आले तर तवा या. न्हाईतर ह्या मानसाला दुसऱ्यांदा सरान रचाय लागंल."

पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. टोप्या घातल्या आणि निघून गेले. बिजवर तेवढा दारात वळून तिच्याकडे बघत क्षणभर उभा राहिला, मग तोही गेला. दिवस मावळायच्या आत गावभर झालं.

तात्यांनी हात उगारला होता, पण तो तसाच खाली आला. "का केलंस गं?" ते म्हणाले. "समदं झाकून धरलं हुतं म्या."

"म्हनून तर केलं," हौसा पाटांवरून उतरत म्हणाली. "आता झाकायला काय ऱ्हायलं न्हाई, तात्या. आता तरी चला."

आपलं लग्न तिनं आपल्या हातानं मोडलं, ते जगण्यासाठी. सतराव्या वर्षी एवढी अक्कल आणि एवढी छाती मी पुन्हा कुणात पाहिली नाही. तात्या सांगलीला जाऊन डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन आले. बाई त्यांना रागावल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, लवकर जा.

लोणंदच्या स्टेशनवर हौसा डब्याच्या खिडकीतून काकीला मोठमोठ्यानं सूचना देत होती. शेरडाला पाला कुठला घालायचा, तिच्या उशीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. मधेच तिनं मला जवळ ओढलं आणि कानाशी म्हणाली, "भ्या वाटतंय गं मला. पन हितं बसून वाट बघायचं त्येच्यापरास लय भ्या वाटत हुतं." तिचा हात माझ्या हातात होता आणि नाडी धडधड उडत होती. गाडी हलली तशी ती पुन्हा काकीला शेरडाचं सांगायला लागली.

मुंबईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो काढले. आवळलेल्या जागेच्या वर शीर फुगून पातळ झाली होती. दोन वर्षं आधी आणली असती तर काम सोपं होतं, असं ते म्हणाले. तरी करू, म्हणाले, आणि दिवस ठरवला. त्याच्या आदल्या सकाळी हौसा खाटेवर बसून तात्यांकडून वेणी घालून घेत होती. हवालदाराला वेणी येत नाही म्हणून हसत होती. हसता हसता म्हणाली, "तात्या, पाठीत काय तर फाटलं." आणि त्यांच्या हातांतच मागे कलली. नर्सबाई धावत येईपर्यंत संपलं होतं.

तात्या एकटेच गाडीतून उतरले. दिवसकार्य होईपर्यंत सोप्यात माणसं येत राहिली. आपल्याकडे जे बोलायची रीत आहे, तेच बोलत राहिली. "तिचं आयुष्य तेवढंच हुतं, हवालदार. दोरी तेवढीच हुती." दुसरा कुणी असता तर त्यानं मान हलवली असती आणि त्या शब्दांच्या आडोशाला बसला असता. तात्या बसले नाहीत. प्रत्येक येणाऱ्याला, अगदी म्हाताऱ्याकोताऱ्यालाही, ते तोंडावर सांगत, "तेवढंच न्हवतं. तिचं आयुष्य लय हुतं. ते म्या खाल्लं."

माणसं गांगरून उठायची, नवी यायची आणि पुन्हा तेच म्हणायची. तात्या पुन्हा तेच उत्तर द्यायचे. काकी आतून ऐकत असायची. तिनं त्यांना एकदाही गप्प केलं नाही.